मांडलेला पाट

१

निवेदिताला वस्तूंची भाषा कळते, असं तिच्या कॉलेजात सगळे म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते ऐकायला फार आवडे. विद्यानगरच्या एका कॉलेजात ती गृहसजावटीचा इतिहास शिकवायची. आता हा काय विषय झाला, असं तिच्या माहेरची माणसं अजूनही विचारतात. पण ती एखादी जुनी विळी घेऊन वर्गात उभी राहिली, की मागच्या बाकावरची पोरंही मोबाइल खाली ठेवायची. "ही बघा, पातं या बाजूनं झिजलंय. म्हणजे बाई डावखुरी होती. माणसं थापा मारतात रे, झीज मारत नाही," असं म्हणून ती ती विळी वर्गभर फिरवायची.

अशा बाईनं स्वतःचं घर कसं लावलं असेल! उणकलला तळ्याच्या बाजूला नव्या इमारतीत त्यांनी फ्लॅट घेतला होता. गुळगुळीत फरशी, छताला लपवलेले दिवे, हात लावला की आपोआप मिटणारे ड्रॉवर. आणि या सगळ्या चकचकाटात, जेवणाच्या टेबलाच्या शेजारच्या कोपऱ्यात तिनं जमिनीवर एक पान मांडलं होतं. अळणावरला लाकडाच्या एका व्यापाऱ्याचं जुनं घर पाडत होते, तिथून आणलेला सागवानी पाट. पाटाच्या चारी कोपऱ्यांना पितळी फुलं. समोर ताट-वाट्या, बाजूला तांब्या, तांब्यावर पालथं घातलेलं फुलपात्र, आणि भोवती चिकटवायची रांगोळी. पॉलिशवाल्याला तिनं बजावून सांगितलं होतं, लाकडाला नुसतं मेण लाव, चकाकी नको, आणि फुलांना तर हातच लावू नकोस. वर्षानुवर्षं न वापरल्यानं फुलं काळवंडली होती. ती तशीच हवी होती तिला. येणारे-जाणारे तोंडभर कौतुक करत आणि कोपऱ्याचे फोटो काढून नेत.

कौतुक केलं नाही ते फक्त अण्णांनी. अण्णा म्हणजे तिचे सासरे, मुकुंदराव. धारवाडला कोर्टात उभी हयात काढलेला वकील. सासूबाई गेल्यावर ते इकडे राहायला आले होते. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, त्यामुळे जमिनीवर बसणं कायमचं बंद. ते खुर्चीवर बसूनच त्या कोपऱ्याची उलटतपासणी घेत.

"पाट मांडलास, ताट मांडलंस, रांगोळी घातलीस. आणि वाढायचं नाही?"

"अण्णा, शोभेचं आहे ते."

"जेवायला या म्हणायचं आणि शोभा करायची? कुणी बसलं म्हणजे?"

"कोण बसतंय आता खाली? तुम्ही बसणार?"

"मी कसला बसतोय! वाढायचं नसलं तर पाट भिंतीला उभा करून ठेवतात, एवढंच सांगतो. आमच्याकडे तसंच होतं की."

तिनं हो म्हटलं. पण पाट उभा केला की त्या कोपऱ्याची रयाच जायची. मग राहिलंच ते.

२

एका दुपारी ती कॉलेजातून आली, पर्स टेबलावर टाकली आणि तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. फुलपात्र तांब्यावर नव्हतं. ते तांब्याशेजारी जमिनीवर सुलटं ठेवलेलं होतं. तिनं उचलून बघितलं तर तळाला पाण्याचा थेंब.

तिचं डोकंच सणकलं. एवढ्या जपून आणलेल्या वस्तू, आणि स्वयंपाकाची बाई खुशाल त्यातून पाणी पिते! मथुरा ओटा पुसत होती. निवेदितानं तिथूनच विचारलं, "मथुरा, फुलपात्र तू घेतलंस?"

"मी? न्हाई बा अक्का. मी तिकडं जातच न्हाई."

"मग कुणी घेतलं? अण्णांना वाकता येत नाही."

"मला काय ठावं?" मथुरा ओटा पुसायची थांबली. "खरं सांगू काय अक्का? तिथं मी झाडूसुद्धा फिरवत न्हाई. लांबनंच जाते. रागावू नका."

"का? तिथं काय आहे?"

"काय न्हाई हो. जेवणाऱ्याच्या अंगावरनं झाडल्यासारखं वाटतंय. लई दिवस झाले."

हिचं म्हणजे काहीतरीच, असं निवेदिताला वाटलं. आळस करायचा आणि वर कारण द्यायचं! तिनं फुलपात्र पुसून पुन्हा तांब्यावर पालथं घातलं. पण चार दिवसांनी ते पुन्हा खाली होतं, आणि त्या दिवशी मथुरा कामावर आलीच नव्हती.

आता मात्र निवेदिता जरा चपापली. घरात होते ते फक्त अण्णा. ते खिडकीशी बसून तळ्याकडे बघत होते. स्वयंपाकघरात भाताचं पातेलं रिकामं होतं, आणि आमटीचंही. सकाळी जाताना तिनं दोन माणसांना पुरून उरेल एवढं करून ठेवलं होतं.

"अण्णा, आज भूक होती वाटतं?"

"मला कसली भूक," अण्णा म्हणाले आणि तळ्याकडेच बघत राहिले.

३

अण्णा वाळत चालले होते, ही गोष्ट कुणाला सांगावी लागत नव्हती. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. डॉक्टरांनी सगळं तपासलं. रक्त ठीक, साखर ठीक. "जेवतात ना नीट?" त्यांनी विचारलं. निवेदिता म्हणाली, पातेली तर रिकामी होतात.

निवेदिताचा नवरा श्रीवत्स औषधांच्या कंपनीत होता आणि आठवड्यातले बरेच दिवस फिरतीवर असायचा. आला की बापाकडे बघायचा आणि मग बायकोकडे. त्यानं धारवाडजवळ वृद्धांसाठी एक जागा बघून ठेवली होती. चांगली जागा आहे, बाग आहे, डॉक्टर आहेत, असं तो सारखं सांगायचा.

"डोकं चालत नाहीये त्यांचं निवेदिता. तुला दिसत नाही? शेजारची वेदश्री सांगत होती, दुपारी दाराबाहेर त्यांचा आवाज येतो. एकटेच बोलत असतात."

"फोनवर बोलत असतील."

"फोन माझ्याकडे दुरुस्तीला होता."

निवेदिताला ते ऐकवेना. अण्णांना पाठवायचं? लग्नानंतर तिला पुढं शिकायचं होतं, तेव्हा सगळं घर विरोधात गेलं होतं, आणि एकट्या अण्णांनी तिच्या प्रवेशाच्या अर्जावर पालक म्हणून सही केली होती. तिचा स्वतःचा बाप लहानपणीच गेला होता. बाप म्हणून तिला आठवायचे ते अण्णाच. त्यांना असं सामानासारखं उचलून कुठं ठेवून यायचं, ही कल्पनाच तिला सहन होईना.

आणि मग तिच्या मनात एक भलताच विचार आला. हे सगळं श्रीवत्सच तर करत नसेल? फुलपात्र खाली ठेवायचं, भात टाकून द्यायचा, आणि बाप भ्रमिष्ट झाला म्हणून दाखवायचं. माणसाचं मन एकदा नासलं की काय काय शोधून काढतं बघा! दोन दिवस ती नवऱ्याच्या बॅगा तपासत होती. पण तो बेंगळुरूला गेला असतानाच पुन्हा फुलपात्र खाली आलं, आणि या वेळी ताटही ओलं होतं. धुऊन ठेवलेलं.

तिनं अण्णांना सरळच विचारलं. "अण्णा, दुपारी तुम्ही कुणाशी बोलता?"

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, आणि साक्षीदाराकडं बघावं तसं तिच्याकडं बघितलं.

"तू बसवलंस, आणि मला विचारतेस?"

४

शेवटी तिनं करू नये ते केलं. जुना मोबाइल टेबलावरच्या पाण्याच्या जगला टेकवून उभा ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि कॉलेजला गेली. तिला अण्णांना निर्दोष ठरवायचं होतं. कुणीतरी घरात येत असेल, मथुराचं कुणी असेल, ते दिसेल. सगळा संशय फिटेल आणि अण्णा घरात राहतील. चिगरी या शहरबसमधून जाताना ती मनातल्या मनात श्रीवत्सला काय काय सुनवायचं ते जुळवत होती.

संध्याकाळी तिनं दार लावून घेऊन ते बघितलं.

रिकामी खोली. मग अण्णा आले, काठी टेकत. स्वयंपाकघरात गेले. एका हातात भाताचं पातेलं घेऊन आले, ते टेबलावर ठेवलं, खुर्ची कोपऱ्याकडे ओढली आणि बसले. आता त्यांच्या पाठीआड पाट दिसेना. नुसती त्यांची पाठ, आणि डाव घेऊन पुढं जाणारा हात. ताटात डाव आपटल्याचा आवाज आला.

"करा, आळं करा. आमटी आणतो," अण्णा म्हणाले.

ते उठले. आमटी आणायला गेले. तेवढा वेळ कोपरा उघडा पडला असता, पण खुर्ची मध्येच होती. खुर्चीच्या पाठीच्या वर काही नव्हतं. भिंत होती. मग अण्णा परतले, वाढलं, थांबले, पुन्हा वाढलं. पातेलं खरवडल्याचा आवाज आला. स्वतःसाठी त्यांनी काहीच घेतलं नाही. मध्येच आत जायला उठले तेव्हा पाहुण्याला म्हणतात तसं अगदी घरगुती आवाजात म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

निवेदिता रडली. अण्णांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय म्हणणार? कोणी आलं नव्हतं, गेलं नव्हतं. म्हातारा माणूस रिकाम्या भिंतीला जेवू घालत होता आणि स्वतः उपाशी राहत होता. उरलेला भात तो नंतर कुठंतरी टाकत असेल. कुठं, ते तिनं शोधलं नाही. श्रीवत्स आल्यावर तिनं स्वतःच्या हातानं ते रेकॉर्डिंग त्याला दाखवलं.

श्रीवत्सनं ते पूर्ण बघितलंसुद्धा नाही. "झालं ना आता?" एवढंच म्हणाला.

५

अण्णांनी वाद घातला नाही. जन्मभर दुसऱ्यांसाठी भांडलेला माणूस, स्वतःसाठी एक शब्द बोलला नाही. बॅग भरून झाली, गाडी खाली उभी होती. निवेदिता त्यांच्या पाया पडली तेव्हा तिला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

"अण्णा, थोडे दिवस. तब्येत सुधारली की लगेच घेऊन येते."

"सुधारेल की. तिथं मला एकट्यालाच जेवायचंय." अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पण आता वाढायचं तुझ्याकडं आलं हं. आणि एक कर. भरल्या ताटावरनं कुणाला उठवू नकोस. पाट उचलायचाच असला तर जेवण झाल्यावर उचल."

"जेवण कधी होतं त्यांचं?" हे ती का बोलली ते तिलाही कळलं नाही. वेड्याशी वेड्यासारखं बोलावं, म्हणून असेल.

अण्णांनी विचार केला. "मला तरी बघायला मिळालं नाही," ते म्हणाले.

श्रीवत्स त्यांना घेऊन गेला. तिकडची कागदपत्रं, तपासण्या, सगळं करून तो दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. मथुरानं त्याच संध्याकाळी काम सोडलं. कारण विचारलं तर म्हणाली, "आता आजोबाच न्हाईत. घरात मी एकटी असल्यावर, मग मला वाढायला लागंल की अक्का."

६

सकाळी निवेदिता चिडूनच उठली. हा पाटच नको घरात! कॉलेजच्या संग्रहात देऊन टाकायचा आणि मोकळं व्हायचं. ती फडकं घेऊन कोपऱ्यात उकिडवी बसली. पाटाला हात घातला आणि तिथंच थबकली.

पाटावर चकाकी होती.

सगळीकडे नाही. कडा मेणाच्या, फिक्या, तिनं सांगितल्या तशाच होत्या. पण मधोमध, मांड्यांखाली येईल तेवढाच भाग, गुळगुळीत आणि काळसर झाला होता. असा भाग पॉलिशनं होत नाही. तो कसा होतो हे तिनं वर्गात किती वेळा सांगितलं होतं! रोज कुणीतरी बसावं लागतं.

मग तिनं फुलं बघितली. तीन फुलं काळवंडलेली. डावीकडचं पुढचं फूल पिवळंधमक, पाकळ्यांच्या रेघासुद्धा पुसट झालेल्या. तिनं नकळत आपला डावा हात त्यावर ठेवला. तळवा बरोबर बसला. जेवून उठताना माणूस डाव्या हाताचाच टेकू घेतो, कारण उजवा उष्टा असतो.

पण टेकू घेऊन उठतं कोण? अण्णांना खाली बसता येत नव्हतं. श्रीवत्स जन्मात जमिनीवर बसला नव्हता. मथुरा लांबून जायची. ती स्वतः? छे! आणि हे फूल एका दिवसात उजळलेलं नव्हतं. कुणीतरी पुन्हा पुन्हा उठायला बघत होतं, टेकू घेत होतं, आणि पोट भरलं नाही म्हणून पुन्हा बसत होतं.

झीज थापा मारत नाही. निवेदिताला एकदम अण्णांचा सैल कॉलरचा सदरा आठवला, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती तिथंच, फरशीवर, तोंड झाकून बसली. अण्णा खरं बोलत होते. मथुराही खरं बोलत होती.

पाट तिनं उचलला नाही. फडकं धरलेला हात तिनं हळूच मागं घेतला, आणि उठताना म्हणाली, "चुकलं." कुणाला म्हणाली, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

७

पण निवेदिता शिकलेली बाई होती. एका चकाकीवरून नवऱ्याला काय सांगणार? तो हसेल, किंवा हसणार नाही, आणि ते जास्त वाईट. अण्णांना परत आणायचं तर तिला आधी खात्री हवी होती.

तिनं भात लावला. आमटी केली, चिंच-गुळाची, अण्णांना आवडायची तशी. दुपारचं ऊन तळ्यावरून छतावर नाचत होतं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. भीती वाटावी असं काही नव्हतं. तिनं ताट पुसलं, भाताचा डाव घातला. पांढरा, गोल, मोकळा ढीग. फुलपात्र तांब्यावर पालथं होतं, ते तसंच ठेवलं. आणि आमटी आणायला ती आत गेली. ओट्यापर्यंत जायचं आणि यायचं, एवढंच.

ती आली तेव्हा भातात आळं केलेलं होतं.

मधोमध खळगा, कडेला दाबलेली शितं, आणि त्यावर बोटांच्या खुणा. आमटीची वाट बघणारा माणूस करतो तसं, नीट, सवयीनं. फुलपात्र सुलटं झालं होतं.

पळावं असं वाटलं, पण वाढायला उभी राहिलेली बाई पळत कशी जाणार! हात आपोआप पुढं गेला. तिनं आळ्यात आमटी ओतली. वाकली तेव्हा तिची नजर तांब्याच्या पोटावर पडली. त्यात सगळी खोली वाकडी होऊन दिसत होती. खिडकी, टेबल, डाव घेतलेली ती. आणि तिच्या पुढं, पाटावर, खाली घातलेली एक मान. मानेचं हाड वर आलेलं. मानेमागं कोपर, लगबगीनं खाली-वर होणारं.

तिनं तांब्यावरनं नजर काढली. पाटावर कुणी नव्हतं. ताटातला भात निम्मा झाला होता.

ती मागं सरकून टेबलाला टेकली. किती वेळ, कोण जाणे. भात संपला की ती वाढत होती, एवढं तिला कळत होतं. लॅचचा आवाज झाला आणि श्रीवत्स आत आला, प्रवासानं आंबलेला.

"अण्णांचा चष्मा राहिलाय इथं. दुपारी मजेत जेवले बघ तिकडं. भाकरी मागून घेतली..." तो बोलता बोलता थांबला. जमिनीवरच्या ताटाकडं त्यानं बघितलं. वाफाळत्या भाताकडं, बायकोच्या हातातल्या डावाकडं.

"श्रीवत्स, अण्णांना आण," ती घाईघाईनं म्हणाली. "आत्ताच्या आत्ता आण. ते खरं सांगत होते रे. मी बघितलं. हे फूल बघ, हे डावीकडचं, बघ ना!"

त्यानं फूल बघितलं नाही. तो तिच्याकडंच बघत होता. ही नजर तिनं या घरात महिनाभर बघितली होती. तेव्हा ती अण्णांवर असायची.

"बरं," तो फार मऊ आवाजात म्हणाला. "आणू या हं. तू बस आधी. सकाळपासून काही खाल्लंयस का?"

बोलता बोलता त्यानं खिशातून मोबाइल काढला, आणि तिला कळू नये अशा बेतानं पाण्याच्या जगला टेकवून उभा ठेवला.

निवेदिताला कळलं. आता गप्प बसायचं, डाव खाली ठेवायचा, हसायचं. थकले होते म्हणायचं. एवढं केलं तरच तिच्या शब्दाला किंमत राहणार होती आणि अण्णा परत येणार होते. तिनं डाव खाली ठेवलाही.

तेवढ्यात मागं, ताटावर, रिकाम्या ताटावर बोटं फिरल्याचा आवाज आला.

श्रीवत्सला तो ऐकू आला नाही. त्याचं तोंड तसंच होतं, मऊ, काळजीचं. आवाज पुन्हा आला. ताटात काही उरलं नव्हतं, आणि पाटावरचं माणूस उठत नव्हतं.

निवेदितानं पातेलं उचललं. कोपऱ्याकडं वळली, वाकली, आणि घरगुती आवाजात म्हणाली, "सावकाश होऊ द्या."